सल्ला सदर: होम इन्स्पेक्टरला सरकारी लायसन्स हवं की संघटनेचं कार्ड पुरे?

होम इन्स्पेक्टर म्हणजे घर विकत घेण्याआधी ते तपासून रिपोर्ट देणारा माणूस. या वेळचं पत्र थोडं लांब होतं, मुद्द्याचं तेवढं देतेय:

"ताई, तुम्ही स्वतः होम इन्स्पेक्टर होतात म्हणून तुम्हालाच लिहितेय, मी लहान आहे तेव्हा अगं-तुगं केलंत तरी चालेल. आम्ही कॅलिफोर्नियात मागच्या वर्षी पहिलं घर घेतलं. माझे दीर इथेच होम इन्स्पेक्टर आहेत पण घरच्या माणसाने इन्स्पेक्शन करू नये असं त्यांचं मत, त्यांच्या संघटनेच्या यादीतून कोणीतरी घ्या म्हणाले. आम्हाला घाई होती, एजंटने सुचवलेला माणूस घेतला. 500 डॉलर फी, रिपोर्ट एकदम छान. पहिल्याच हिवाळ्यात पाऊस लागला आणि घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये (सरपटत जाण्याएवढ्या पोकळीत) पाणी, घराची जमीन पेलणारे दोन लाकडी जॉइस्ट कुजलेले, दुरुस्तीचा अंदाज 9,000 डॉलर. इन्स्पेक्टर म्हणतो करारात लिहिलंय माझी जबाबदारी फीपुरतीच, 500 घ्या आणि विषय संपवा. मग कळलं की इथे या लोकांना लायसन्सच लागत नाही! मी जेवताना म्हटलं सरकारने लायसन्स लावायलाच हवं, तर भाऊजी भडकले, म्हणाले संघटना पुरेशी आहे, वाईट इन्स्पेक्टर बाजारातून आपोआप बाद होतो, सरकार आलं की फक्त फी वाढते. आता ते त्यांच्या मीटिंगमध्ये लायसन्सच्या विरोधात बोलणार आहेत आणि भाषणाचा मसुदा मलाच तपासायला दिलाय. कोण बरोबर? आमच्या पैशांचं काय? आणि तो मसुदा मी तपासू का?"

अगं, आधी पैशांचं बघू, बाकीचा वाद नंतर, कारण तिथे तू उद्याच काहीतरी चुकीचं करून बसशील अशी मला भीती वाटतेय. ते 500 डॉलर घेऊ नकोस. म्हणजे कसल्याही कागदावर सही करून तर अजिबात घेऊ नकोस. कॅलिफोर्नियात लायसन्स नाही हे खरं, पण कायदाच नाही असं नाही, बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडमध्ये 7195 ते 7199 अशी काही छोटी कलमं आहेत, आणि त्यातलं 7198 सरळ सांगतं की इन्स्पेक्टरची जबाबदारी रिपोर्टच्या फीपुरती मर्यादित करणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि ती चालत नाही. तुझ्या करारात नेमकी तीच अट आहे. तुझ्या इन्स्पेक्टरला हे माहीत नसेल किंवा माहीत असूनही तो बोलला असेल, काही का असेना, तुझ्यावर ती अट बंधनकारक नाही.

दुसरं, दुरुस्ती लगेच सुरू करू नकोस. मला कळतंय की घराखाली पाणी असताना झोप लागत नाही, पंप लावून पाणी काढ, आणखी नुकसान होऊ नये एवढं जरूर कर, पण कुजलेले जॉइस्ट काढून फेकायच्या आधी सगळ्याचे तारखेसकट फोटो आणि व्हिडिओ काढ, काँट्रॅक्टरकडून लेखी घे की हे कुजणं किती जुनं दिसतंय, आणि इन्स्पेक्टरला रजिस्टर्ड पत्राने कळव की अमुक तारखेपर्यंत येऊन बघून जा. पुरावा फेकून दिला आणि मग भांडायला गेलं की समोरचा म्हणतो मला बघायलाच मिळालं नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नसतं. नुसत्या घाईने हातातली केस गेलेली माणसं मी बघितली आहेत गं.

तिसरं, रिपोर्टमधलं क्रॉल स्पेसचं पान काढ आणि शब्द न् शब्द वाच. तू मला पाठवलेल्या त्या पानावर लिहिलंय, "हॅचमधून पाहिलं, दिसलेल्या भागात अडचण नाही." म्हणजे आत शिरायच्या झडपेतून नुसता डोकावला, तो आत गेलाच नाही! आता आत न जाणं हा दर वेळी गुन्हा नाही, हे तुला भाऊजीही सांगतील. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, जिला सगळे आशी म्हणतात, तिच्या स्टँडर्डप्रमाणे जमिनीपासून वरच्या लाकडापर्यंत 24 इंचांपेक्षा कमी जागा असेल तर इन्स्पेक्टरने आत सरपटत जायलाच हवं असं बंधन नाही. पण न बघितलेल्या भागाबद्दल "बघितलं नाही आणि का नाही बघितलं" हे लिहायला लागतं, ते बंधन आहे. तुझ्या घराखाली किती जागा आहे ती टेपने मोज. 24 इंचांपेक्षा जास्त निघाली आणि तरी तो हॅचमधून टॉर्च मारून निघून गेला असेल आणि कारणही लिहिलं नसेल, तर तुझी बाजू बरीच भक्कम झाली, कारण इन्स्पेक्टरने किती काळजी घ्यायला हवी होती हे ठरवताना कोर्ट या संघटनांचे स्टँडर्ड विचारात घेऊ शकतं असं त्या कायद्यातच म्हटलंय.

आणि कुठे जायचं? स्मॉल क्लेम्स कोर्ट. तिथे एका व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत दावा करता येतो, तुझे 9,000 त्यात बसतात, सुनावणीला वकील उभे राहत नाहीत, तुम्हीच बोलायचं. मुदत कायद्याने जास्तीत जास्त इन्स्पेक्शनच्या तारखेपासून 4 वर्षं, पण थांबू नकोस. करारात मीडिएशन किंवा आर्बिट्रेशनची, म्हणजे कोर्टाऐवजी मध्यस्थ किंवा लवादाकडे जायची अट आहे का ते आधी बघ, असेल तर एक तास एखाद्या वकिलाला पैसे देऊन दाखव, तेवढा खर्च कर. विकणाऱ्यांनी घराचे माहीत असलेले दोष लिहून भरलेला डिस्क्लोजर फॉर्म पण काढ, आधी पाणी आल्याचं त्यांना माहीत होतं आणि लिहिलं नाही असं निघालं तर तो वेगळाच दावा होतो. आणि एजंटलाही कॅलिफोर्नियात स्वतः घर नजरेने तपासून जे दिसलं ते सांगायचं कर्तव्य आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता तुमचा वाद.

मी टेक्सासमध्ये लायसन्स घेऊन काम केलं आणि नंतर कॅलिफोर्नियात लायसन्स नसताना केलं, त्यामुळे दोन्हीकडचं आतून बघितलंय. माझं मत आधीच सांगून टाकते, लायसन्स हवं, आणि ते सरकारचंच हवं. पण तू जेवताना ज्या कारणासाठी मागितलंस त्या कारणासाठी नाही. तुला वाटतंय लायसन्स असतं तर तो माणूस घराखाली शिरला असता. नसता शिरला. टेक्सासमध्ये राज्याने ठरवून दिलेला रिपोर्टचा फॉर्म असतो, प्रत्येक गोष्टीपुढे चार चौकोन, तपासलं, तपासलं नाही, घरात ही गोष्टच नाही, आणि दोष आहे, आणि तिथेही मी दिवसाला तीन-तीन घरं उरकणारे लायसन्सवाले बघितलेत जे जिन्यावरूनच चौकोन भरत सुटायचे. परीक्षा पास होणं आणि जुलै महिन्यात माळ्यावर चाळीस मिनिटं घालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय परीक्षेत 200 प्रश्न असतात, न्यू यॉर्कमध्ये तर आधी 140 तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले 40 तास प्रत्यक्ष घरांवर, हे सगळं चांगलंच आहे, त्याने अगदीच कच्चा माणूस बाहेर राहतो. पण आळशी माणूस बाहेर राहत नाही.

मग मी लायसन्स का मागते? तर घडून गेल्यावर काय होतं त्यासाठी. माझं स्वतःचं सांगते. टेक्सासमधलं माझं दुसरं वर्ष, एका घराच्या माळ्यावर फर्नेसचा फ्लू पाइप, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, सांध्यातून सुटलेला होता आणि तो माझ्या नजरेतून सुटला, मी "तपासलं" वर खूण केली. घरात लहान मुलं होती. त्यांचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला म्हणून सगळे वाचले. त्यांनी लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कमिशनकडे तक्रार केली आणि मला लेखी उत्तर द्यावं लागलं, फोटो, नोट्स, मी त्या दिवशी कुठून कुठे गेले सगळं, आणि शेवटी लेखी समज मिळाली. ते पत्र मी कधी विसरले नाही, त्यानंतर फ्लूचा प्रत्येक सांधा मी हाताने धरून बघायचे. आणि समजा मी सुधारले नसते, तर माझं लायसन्स थांबवायची ताकद त्या कमिशनकडे होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर चढता आलं नसतं. शिवाय तिथे प्रत्येक इन्स्पेक्टरला कमीत कमी 1 लाख डॉलरचा विमा ठेवावा लागतो, म्हणजे चूक झाली तर पैसे निदान कुठून तरी येतात.

आता तुझा तो इन्स्पेक्टर. त्याच्याविरुद्ध तू कुठे तक्रार करशील? तो एखाद्या संघटनेचा सदस्य असेल तर त्यांच्या एथिक्स कमिटीकडे, आणि कमिटीने अगदी कडक होऊन त्याला काढून टाकलं तरी उद्या सकाळी तो तीच शिडी घेऊन दुसऱ्या घरी जाणार, गाडीवरचा लोगो काढला की झालं. तो सदस्यच नसेल तर तेवढंही नाही. भाऊजींना हा प्रश्न विचार आणि त्यांचं उत्तर नीट ऐकून घे: तुमची संघटना जास्तीत जास्त काय करू शकते, आणि जो तुमच्यात आलाच नाही त्याचं काय करू शकते? संघटनेचा नियम फक्त त्यालाच लागू पडतो जो आपणहून आत येतो, आणि आपणहून येणारे बहुतेक भाऊजींसारखे असतात, ज्यांना नियमाची तशी फार गरज नसते.

पण भाऊजी जे म्हणतात त्यात बरंच खरं आहे आणि ते तू ऐकायला हवंस, कारण तू रागात आहेस आणि तुझा राग रास्त असला तरी त्यात ते दिसत नाहीये. एक तर हा व्यवसाय उभा केला तो संघटनांनी. आशी 1976 ची, कॅलिफोर्नियाची 'क्रिया' (CREIA) ही इन्स्पेक्टरांची संघटनाही त्याच वर्षीची, आणि तेव्हा घर विकत घेणाऱ्याच्या बाजूने कोणी बघावं ही कल्पनाच नवीन होती. काय तपासायचं, किती तपासायचं, रिपोर्टमध्ये काय आलंच पाहिजे, दुरुस्तीचं काम स्वतःच घ्यायचं नाही, हे सगळं आधी या लोकांनी आपल्या सदस्यांसाठी लिहिलं, आणि बऱ्याच राज्यांनी नंतर कायदा करताना तेच पुढे ठेवलं. सरकारच्या ऑफिसात बसून कोणी क्रॉल स्पेसची उंची ठरवली नव्हती. दुसरं, लायसन्स आलं की सुरुवातीला जुन्या लोकांना बहुतेक वेळा परीक्षेशिवाय किंवा सवलतीत आत घेतात, म्हणजे ज्याच्यामुळे कायदा मागितला तोच माणूस पहिल्या दिवशी सरकारी शिक्का घेऊन फिरतो, आणि आता लोक त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतात! ही भीती खोटी नाही. तिसरं, लायसन्स देणाऱ्या बोर्डावर त्याच धंद्यातले लोक बसतात आणि नवीन मुलांसाठी दार अरुंद करत जातात, तेही होतं. आणि लायसन्समध्ये ठरलेलं असतं ते किमान, मग बरेच जण तेवढंच करून थांबतात. उत्तम काम काय असतं ते दाखवायला संघटनाच लागते, म्हणून लायसन्स आलं म्हणजे संघटनेचं काम संपलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

तरी भाऊजींचा मुख्य मुद्दा मला पटत नाही, तो म्हणजे वाईट इन्स्पेक्टर बाजारातून आपोआप बाद होतो. कसा होणार? तू आयुष्यात घर किती वेळा घेणार, एकदा, दोनदा? इन्स्पेक्टर वाईट होता हे तुला कळलं पाऊस पडल्यावर, तोपर्यंत त्याची आणखी शंभर घरं झाली असतील. म्हणजे तू त्याची गिऱ्हाईक असलीस तरी पुन्हा येणारी गिऱ्हाईक नाहीस. पुन्हा पुन्हा येतो तो एजंट. त्याचं कमिशन व्यवहार पूर्ण झाल्यावर मिळतं, आणि खूप दोष लिहिणाऱ्या इन्स्पेक्टरला या धंद्यात "डील किलर" म्हणतात, हा शब्द भाऊजींनी नक्की ऐकला असेल. मी कॅलिफोर्नियात नवीन असताना एक एजंट मला महिन्याला चार-पाच घरं द्यायचा, एकदा मी एका घराच्या पायाच्या भेगेबद्दल स्पष्ट लिहिलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा म्हटलं, गिऱ्हाइकाने माघार घेतली, आणि त्या दिवसानंतर त्याचा फोन आला नाही. कोणी धमकी दिली नाही, पैसे मागितले नाहीत, नुसता फोन बंद. त्या महिन्यात मला घरभाड्याची चिंता होती आणि खरं सांगते, पुढच्या रिपोर्टला "भेग" लिहू की "बारीक चीर" लिहू असा विचार माझ्या मनात आला होता. मी भेगच लिहिलं. पण तो विचार ज्या व्यवस्थेमुळे येतो ती व्यवस्था बाजार सुधारणार नाही, कारण बाजार म्हणजे इथे तोच एजंट आहे.

तुझ्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस, "एजंटने सुचवलेला माणूस." कॅलिफोर्नियात इन्स्पेक्टरने काम मिळवण्यासाठी एजंटला पैसे देणं बेकायदा आहे, रिपोर्ट कसा निघतो त्यावर फी ठरवणं बेकायदा आहे, ज्या घराचा रिपोर्ट दिला त्याची दुरुस्ती 12 महिने करता येत नाही, हे सगळं 7197 मध्ये आहे आणि उत्तम आहे. पण एजंटने नुसतं नाव सुचवलं तर ते चालतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 2001 पासून लायसन्स आहे, आणि तिथल्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: विकणाऱ्याच्या बाजूच्या एजंटने कुठल्याही एका इन्स्पेक्टरचं नाव सुचवायचं नाही, फक्त खरेदीदाराशी लेखी करार असलेला त्याचा स्वतःचा एजंट सुचवू शकतो. मला वाटतं ती भिंतही अजून उंच हवी, पण निदान भिंत आहे, आणि अशी भिंत कुठलीही संघटना बांधू शकत नाही, कारण एजंट संघटनेचे सदस्य नाहीत, त्यांच्यावर हिचा काही अधिकार नाही. तिथे सरकारच लागतं. माझ्या मते लायसन्सचा अर्धा उपयोग इन्स्पेक्टरला शिस्त लावण्यात आहे आणि उरलेला अर्धा त्याला एजंटच्या फोनपासून मोकळं करण्यात.

अमेरिकेत तीसच्या वर राज्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात लायसन्स आहे, तरी सगळीकडे सारखं नाही, काही ठिकाणी नुसती फी भरून नोंदणी असल्यासारखं आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने 2009 मध्ये सुरू केलं, अल्बर्टाने 2011 मध्ये, आणि ओंटारियोने 2017 मध्ये कायदा मंजूर केला पण लागूच केला नाही. तेव्हा "सरकार करेल" म्हणून निवांत बसणाऱ्यांचं काय होतं तेही बघ.

भाऊजींच्या जागी मी असते तर लायसन्सला नाही म्हणायच्या ऐवजी कसलं लायसन्स हवं ते सांगायला उभी राहिले असते. जुन्यांनाही परीक्षा, सवलत नाही. विमा सक्तीचा. तक्रार झाली तर निकाल सगळ्यांना वाचता येईल असा. एजंटच्या शिफारशीवर बंदी. आणि 7198 सारखं कलम तसंच ठेवा, कारण काही राज्यांत लायसन्स आहे पण फीपुरती जबाबदारी ठेवणारी अट चालते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात शेवटी शिक्का असलेला कागद आणि फी परत, एवढंच. स्टँडर्ड मात्र संघटनांना लिहू दे, त्यांना ते काम येतं.

राहिला मसुदा. तपास, नक्की तपास. भाऊजींनी तो तुला दिलाय, जेवताना भांडण झाल्यावरही दिलाय, दुसऱ्या कुणाला नाही, याचा अर्थ त्यांना तुझं मत लागतंय असा मी तरी घेते. आणि हा माणूस घरच्या घराचं इन्स्पेक्शन करायला नाही म्हणाला होता गं, कुठलाही कायदा सांगत नसताना, तेव्हा त्यांच्याकडून तू अपेक्षा ठेवू शकतेस. "तुम्ही माझं ऐकायला हवं होतं" असं ते एकदा बोलले असतील आणि तुला ते लागलं असेल, पत्रात ते दिसतंय, तर तेही सरळ सांग त्यांना, की यादीतला माणूस घेतला नाही ही आमची चूक झाली, पण पहिलं घर घेणाऱ्याने एजंटवर विश्वास ठेवावा यात नवल काय.

मसुद्यातली व्याकरणाची दुरुस्ती कर, आणि जिथे "बाजार आपोआप निवड करतो" असं काही लिहिलेलं सापडेल तिथे बाजूला तुझ्या घराची हकिगत लिही, तारखांसकट, पाणी कधी दिसलं, रिपोर्टमध्ये काय होतं, किती डॉलर सांगितले. त्या वाक्याचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. आणि शनिवारी त्यांना टॉर्च आणि टेप घेऊन घराखाली उतरायला बोलव, इन्स्पेक्टर म्हणून नाही, दीर म्हणून, तुझ्या नवऱ्याला जागा किती इंच आहे ते मोजता येईल पण कुजणं किती जुनं आहे ते त्यांना कळेल. कोर्टात दाखवायला मात्र लेखी मत बाहेरच्याच माणसाचं घे. पंप आज लाव, पत्र या आठवड्यात टाक, आणि ते 24 इंच भरले की नाही ते मला कळव.